जळगाव-धुळे, व्हाया इंग्रजी



जळगावच्या बसस्थानकावर धुळ्याला जाणारी एसटी लागते. तिच्या पाटीवर लिहिलेलं असतं, 'धुळे, व्हाया एरंडोल, पारोळा'. आपल्या भागातल्या मुलांनी ही पाटी शंभर वेळा तरी वाचली असेल. पण त्यातला 'व्हाया' कुठून आला, असं कधी मनात आलं का? तो आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत गेला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'व्हाया' म्हणजे रस्ता. म्हणजे बघा, रोमन लोकांचा एक शब्द आपल्या लाल डब्याच्या कपाळावर बसून रोज पारोळ्याला जातो!

आज आपण याच गाडीत बसायचं आहे. अंतर सुमारे 90 किलोमीटर. खिडकीची जागा तुम्हाला. सोबत पाण्याची बाटली, शेंगदाणे आणि एक प्रश्न घेऊ. प्रश्न असा : खानदेशातल्या मुलांनी इंग्रजी शिकायची कशी? आणि शिकताना घरची बोली ठेवायची कुठे?

मी प्राथमिक शाळेत शिकवते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. आता पहिलीतली मुलं 'कॅट, रॅट' छान म्हणतात. पण वरच्या वर्गात गेली की तीच मुलं इंग्रजीच्या तासाला खाली बघायला लागतात. बाहेर पटांगणात ज्यांचा आवाज आवरत नाही, ती इंग्रजीच्या तासाला मुकी होतात. असं का होतं, तेही आज वाटेत शोधू.

गाडी सुटण्याआधी

गाडी सुटायला थोडा वेळ आहे. तोवर गाडीतच वाचन सुरू करू. मागच्या खिडकीवर लिहिलंय, 'संकटकालीन मार्ग'. इंग्रजीत त्याला म्हणतात 'इमर्जन्सी एक्झिट'. समोरच्या ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' आहे आणि त्याखाली 'यूज डिपर ॲट नाइट'. या दुसऱ्या वाक्यात किती शिकायला आहे पहा. मराठीत आपण म्हणतो, 'रात्री डिपर वापरा'. क्रियापद शेवटी. इंग्रजीत 'यूज' म्हणजे 'वापरा' आधीच येऊन बसलं. शिवाय मराठीत 'रात्री' या एका शब्दात जे काम होतं, त्याला इंग्रजीत 'ॲट' हा वेगळा शब्द लागला, आणि तोही नावाच्या आधी. आपण म्हणतो 'टेबलावर', ते म्हणतात 'वर टेबल'. एवढी एक गोष्ट ज्याच्या लक्षात आली, त्याची निम्मी भीती गेली.

जळगाव सोडण्याआधी दोन घरांची आठवण काढायला हवी. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाई चौधरी राहत होत्या. त्यांचा जन्म 1880 सालचा, जवळच्या आसोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, जात्यावर बसल्यावर त्यांना गाणी सुचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरची माणसं ती उतरवून घेत. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आचार्य अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. ही गाणी पुस्तकी मराठीत नाहीत, तर जळगावकडच्या लेवा बोलीत आहेत. या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. केळीला 'केयी' म्हणतात, डोळ्याला 'डोया'. कोणी म्हणेल, ही काय अशुद्ध भाषा! पण याच बोलीतली गाणी पुढे इंग्रजीतही गेली. ज्या बाईला एबीसीडी माहीत नव्हती, तिचं म्हणणं इंग्रजी वाचणाऱ्यांना आपल्या भाषेत हवंसं वाटलं, कारण तिच्याकडे सांगण्यासारखं काही होतं.

दुसरं घर म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरचं 'गांधी तीर्थ' हे संग्रहालय. ते 2012 मध्ये सुरू झालं. गांधीजी विलायतेत शिकून बॅरिस्टर झाले होते, त्यामुळे त्यांचं इंग्रजी उत्तम होतं. पण 1909 मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिलं ते गुजरातीत. मग 1910 मध्ये स्वतःच त्याचं इंग्रजी केलं. आधी मनातलं घरच्या भाषेत, मग जगासाठी इंग्रजीत. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बेल वाजली. कंडक्टरकाकांनी दार लावलं. निघाली गाडी!

केयी, केळी, बनाना

शहर मागे पडलं की गिरणा नदी येते. केळीच्या बागा दिसायला लागतात. केळी म्हणजे जळगावची ओळख. 'बनाना' हा शब्द मात्र इंग्रजांचा स्वतःचा नाही बरं का. तो पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांकडून पोर्तुगीज आणि स्पॅनिश खलाशांच्या तोंडून इंग्रजीत पोचला. म्हणजे केळ खाणाऱ्यांनी शब्द दिला आणि इंग्रजीनं तो उचलला. 'जंगल' आणि 'लूट' हे शब्द इंग्रजीनं आपल्या देशातूनच उचलले. आणि एक गंमत तर खास आपली. मुंगसाला इंग्रजीत 'मंगूज' म्हणतात ना? तो शब्द मराठी 'मुंगूस' वरूनच गेला आहे! तेव्हा पुढच्या वेळी शेताच्या बांधावर मुंगूस दिसलं, तर त्याला सांगा, 'बाबा रे, तू विलायतेला जाऊन आलास.'

इंग्रजी ही उसनवारी करायला न लाजणारी भाषा आहे. मग आपण तिच्याकडून काही घेताना आणि तिला आपलं काही देताना का लाजायचं?

याच गिरणेच्या परिसरात, धुळ्याच्या रस्त्याला आपलं विद्यापीठ आहे. 15 ऑगस्ट 1990 रोजी ते 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' म्हणून सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. 2018 मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. विचार करा, शाळेची पायरी न चढलेल्या बाईंचं नाव विद्यापीठाच्या कमानीवर! जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली मुलं इथे शिकतात. त्यांतले कितीतरी जण घरातले पहिलेच पदवीधर असतात. कोणाच्या घरी लेवा बोली, कोणाच्या घरी अहिराणी. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्यांच्या घरी पावरी नाहीतर भिलोरी. त्यांना मराठीसुद्धा शाळेत आल्यावरच शिकावी लागते. इंग्रजी त्यांची तिसरी भाषा.

ही मोठी मुलं परदेशी शिकायला जायचं ठरवतात, तेव्हा त्यांच्यापुढे 'आयेल्ट्स' किंवा 'टोफेल' अशा इंग्रजीच्या परीक्षा येतात. आयेल्ट्समध्ये चार भाग असतात : ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं. पास-नापास नसतं, शून्य ते नऊ अशी पट्टी असते. बोलण्याच्या भागात परीक्षक समोर बसून अगदी साधं विचारतो. तुमच्या गावाबद्दल सांगा, तुमच्या घरी कोणता सण मोठा असतो, ते सांगा. आणि इथेच पुष्कळ जणांची गाडी अडते. व्याकरण पाठ असतं, शब्दांच्या याद्या पाठ असतात. पण गावाबद्दल काय सांगायचं? ते तर कधी इंग्रजीत बोललेलंच नसतं!

चीनमधले परीक्षार्थी

ही अडचण आपल्याच मुलांची आहे असं समजू नका. हिमालयापलीकडे चीनमध्येही हेच आहे. तिथे महाविद्यालयातल्या मुलांसाठी 1987 पासून इंग्रजीची एक देशव्यापी परीक्षा आहे. तिच्या दोन पायऱ्या आहेत, चौथी आणि सहावी. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, ती होते. लाखो मुलं बसतात. इंजिनिअर होणारा असो की शेतकी शिकणारा, बहुतेकांना ती परीक्षा द्यावीशी वाटते, कारण नोकरीला उपयोग होतो. पहाटे विद्यापीठाच्या बागेत मुलं पुस्तक हातात धरून मोठ्यानं इंग्रजी वाचताना दिसतात.

त्यांची अडचण कुठली, माहीत आहे? चिनी भाषेत वाक्यातल्या शब्दांचा क्रम पुष्कळसा इंग्रजीसारखाच असतो. तिथे आपण अडखळतो, ते अडखळत नाहीत. पण चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. काल जा, आज जा, उद्या जा, सगळं एकच! त्यामुळे चिनी मुलगा हमखास म्हणतो, 'यस्टरडे आय गो'. आपण तिथे चुकत नाही, कारण आपल्याकडे 'गेलो' आणि 'जातो' वेगळे आहेतच. उलट आपला मुलगा खुर्चीला 'शी' म्हणतो, कारण मराठीत 'ती खुर्ची'! प्रत्येक भाषेचं मूल आपापल्या उंबऱ्याला अडखळतं. चूक म्हणजे डोकं कमी नव्हे. आपण कुठल्या घरातून निघालो, त्याची ती खूण असते.

चिनी लोक स्वतःच एका गोष्टीला 'मुकी इंग्रजी' म्हणतात. परीक्षेत भरपूर गुण, पण समोर माणूस आला की तोंडातून शब्द नाही. त्यावर त्यांनी एक साधा उपाय काढला, 'इंग्रजी कोपरा'. बागेत किंवा मैदानात एक जागा ठरवायची, ठरावीक दिवशी जमायचं आणि ओळखीच्या-अनोळखी माणसांशी इंग्रजीत बोलायचं. चुकलं तर चुकलं, कोणी हसायचं नाही.

आणखी एक फार चांगली गोष्ट त्या परीक्षेत आहे. 2013 च्या डिसेंबरपासून तिच्यात चिनी भाषेतला एक पूर्ण उतारा इंग्रजीत करायला देतात. तो बहुधा त्यांच्याच देशाचा असतो : त्यांचे सण, त्यांचा चहा, त्यांचा इतिहास. म्हणजे परीक्षा जणू विचारते, 'बाळा, तुझ्या घरातलं तुला परक्याला सांगता येतं का?'

शे, आहे, इज

एरंडोल आलं. गाडी थांबते, भेळवाला चढतो-उतरतो. इथून जवळच पद्मालयाचा प्रसिद्ध गणपती आहे. कमळांच्या तळ्याकाठचं देऊळ पुन्हा कधीतरी सवडीनं बघू. आता कान उघडे ठेवा. जळगावहून जसजसं पश्चिमेला जावं, तसतशी गाडीतली भाषा बदलत जाते. लेवा बोली मागे पडते आणि अहिराणी पुढे येते. शेजारच्या आजी नातवंडाला विचारतात, 'तुनं नाव काय शे?' 'शे' म्हणजे 'आहे'. धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग आणि नाशिकचं बागलाण, मालेगाव, एवढ्या मोठ्या मुलखात हे 'शे' घुमत असतं.

आता मघाचा प्रश्न घेऊ. मुलं मुकी का होतात?

माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. घरी पूर्ण अहिराणी. शाळेत नवीन आली तेव्हा एकदा उत्तर देताना 'आहे' ऐवजी 'शे' म्हणाली आणि दोन-चार मुलं फिदीफिदी हसली. त्या दिवसापासून तिनं बोलणंच थांबवलं. आधी मराठीच्या तासाला, मग इंग्रजीच्या. वही स्वच्छ, शुद्धलेखन चांगलं, पण तोंडाला कुलूप. तिचं इंग्रजी कच्चं आहे, असं कोणालाही वाटलं असतं. खरं तर तिचं इंग्रजी बंद पडलं होतं एका 'शे'मुळे!

हिवाळ्यात एकदा मी वर्गात विचारलं, 'भरीत कसं करतात, कोण सांगेल? ज्याच्या घरी जसं बोलतात, तसं सांगा.' हात वर करणाऱ्यांत तीही होती. तिनं अहिराणीत सगळं सांगितलं. शेतात पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर मोठी हिरवी वांगी भाजायची, साल काढायची, लाकडी भांड्यात ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात... सोबत कळण्याची भाकरी. सांगता सांगता तिचे हात चालत होते आणि वर्गाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हसलं कोणी नाही. मग आम्ही फळ्यावर तेच मराठीत लिहिलं आणि त्याच्या शेजारी इंग्रजीत. ती म्हणाली, 'आय ब्रिंजल रोस्ट.' मी म्हटलं, 'छान! आता रोस्टला उचलून आयच्या शेजारी बसव.' 'आय रोस्ट ब्रिंजल.' मग तिनं स्वतःहून विचारलं, 'बाई, पऱ्हाट्यांना काय म्हणायचं?' 'कॉटन स्टॉक्स,' मी सांगितलं. त्या दिवशी तिची सहा वाक्यं झाली. सहाच. पण ती तिची स्वतःची होती, गाइडातली नव्हती.

गाइडात निबंध असतो 'माय व्हिजिट टू अ झू'चा. आमच्या मुलांतल्या कितीकांनी झू पाहिलेलाच नसतो! मग ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. भरीत कोण विसरेल? आणि 'ब्रिंजल' हा शब्दही प्रवासीच आहे. आपल्याकडच्या वांग्याच्या जुन्या संस्कृत नावापासून फारसी, अरबी, पोर्तुगीज अशी मुक्कामं करत तो इंग्रजीत गेला आणि पुन्हा आपल्या पुस्तकात परत आला.

पारोळ्याचा फाटा

पारोळा आलं. गावातच भुईकोट किल्ला आहे. इथून उजवीकडे रस्ता फुटतो तो अमळनेरला. आपली गाडी तिकडे जात नाही, पण मनानं जाऊन येऊ. 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या हायस्कुलात एक शिक्षक होते, पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि पुढे शाळेत रमले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. मुलं झोपली की गुरुजी लिहीत बसायचे आणि सकाळी मुलांना नवा अंक वाचायला मिळायचा.

गुरुजींनी इंग्रजीतून खूप वाचलं. पण वाचून ते एकट्यानं गप्प बसले नाहीत. रशियाच्या टॉलस्टॉयचं पुस्तक त्यांनी 'कला म्हणजे काय?' या नावानं मराठीत आणलं. देशोदेशीच्या गोष्टी मुलांना गोड मराठीत सांगितल्या. पुढे त्यांनी 'आंतरभारती'चं स्वप्न पाहिलं. एका प्रांतानं दुसऱ्या प्रांताची भाषा प्रेमानं शिकावी, असं ते स्वप्न. त्यांच्यासाठी परकी भाषा म्हणजे मिरवायचा दागिना नव्हती. शेजाऱ्याच्या अंगणात उघडणारी ती खिडकी होती. अशा या अमळनेरात 2024 च्या फेब्रुवारीत 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं.

साहेबाचीही परीक्षा

आता धुळे जवळ आलं. या धुळ्यात आपल्या प्रश्नाची दुसरी बाजू दडलेली आहे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाचा अधिकारी इथे आला. 1819 मध्ये त्यानं नव्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण म्हणून धुळ्याची निवड केली. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा निघाला.

पण मला ब्रिग्जची आठवण निघाली ती वेगळ्या कारणानं. हा साहेब फारसी शिकला होता. फिरिश्ता या इतिहासकाराचा मोठा फारसी ग्रंथ त्यानं इंग्रजीत आणला. तो 1829 मध्ये छापला गेला. त्या काळात कंपनी सरकारच्या साहेबांनाच आपल्या भाषा शिकाव्या लागत! त्यासाठी 1800 मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं होतं. तिथे विल्यम कॅरी मराठी शिकवायचे. 1805 मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण इंग्रजीत छापलं. 1831 मध्ये मोल्सवर्थ साहेबांचा जाडजूड मराठी-इंग्रजी कोश निघाला. आजही आपण तो उघडतो. विलायतेतून आलेले ते तरुण 'ळ' म्हणताना जीभ कशी वळवत असतील? नपुंसकलिंगी 'ते' आणि अनेकवचनी 'ते' यांत त्यांचा किती गोंधळ उडत असेल? परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांनाही घाम फुटला असेलच की! ते राज्य करायला आले होते, हे विसरायचं नाही. पण परकी भाषा सगळ्यांनाच अवघड जाते, एवढं या गोष्टीवरून नक्की कळतं.

दोन वर्ग

गाडी धुळ्याच्या स्टँडवर थांबली. उतरा सांभाळून. हे पांझरा नदीकाठचं गाव. जुन्या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे पत्ता शोधणं सोपं. आपल्याला दोन जागा आठवायच्या आहेत.

पहिली जागा राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. त्यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या घरांतून जुनी कागदपत्रं मिळवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड प्रसिद्ध केले. त्यांचा संग्रह जपण्यासाठी 1927 मध्ये हे मंडळ सुरू झालं. राजवाडे इंग्रजी शिक्षण घेऊन पदवीधर झाले होते. तरुणपणी त्यांनी 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं, ते जगातलं ज्ञान मराठीत यावं म्हणून. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा 'रिपब्लिक' हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. स्वतः लिहायचं मात्र मराठीतच, हा त्यांचा बाणा. तुम्ही-आम्ही एवढे कडक नसू. पण इंग्रजी येणं आणि मराठी सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याकडून शिकावं.

दुसरी जागा म्हणजे धुळ्याचा तुरुंग. 1932 मध्ये स्वातंत्र्याच्या लढ्यात पकडलेले पुष्कळ सत्याग्रही तिथे होते. विनोबा भावे दर रविवारी त्यांना गीतेवर सांगत. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. आणि ऐकता ऐकता ते सगळं भराभर लिहून घेत होते... कोण असतील? आपले साने गुरुजीच! त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. पुढे ते भारतातल्या अनेक भाषांत आणि इंग्रजीतही गेलं. एक माणूस मनापासून बोलतो, दुसरा मनापासून ऐकतो आणि लिहितो. वर्गाला भिंती तुरुंगाच्या होत्या, पण शब्द जगभर गेले. आजच्या इंग्रजीच्या परीक्षेतले ऐकणं, बोलणं, लिहिणं आणि वाचणं हे चारही भाग याच्याहून वेगळे कुठे आहेत?

आता तुमची पाळी

प्रवास झाला. आता घरी गेल्यावर काय करायचं ते सांगते.

शाळेच्या निंबाखाली एक 'इंग्रजी कोपरा' करा. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा दहा मिनिटं पुरे. नियम एकच, चुकणाऱ्याला हसायचं नाही. हसणारा दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी शेंगदाणे आणेल!

एक छोटी वही करा. एसटीत, बाजारात, खताच्या पिशवीवर, औषधाच्या खोक्यावर जे इंग्रजी दिसेल ते त्यात उतरवा. शब्द सुटा लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा. वाक्यात क्रियापद कुठे बसलंय, त्याच्याखाली रेघ मारा.

वाक्यं मोठ्यानं म्हणा. शेतात म्हणा, म्हशीला ऐकवा. ती हसत नाही, हा तिचा मोठा गुण.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्याशी. 'आम्हाला कुठे इंग्रजी येतं, आम्ही काय शिकवणार?' असं पुष्कळ पालक म्हणतात. तुम्ही इंग्रजी शिकवू नका. तुम्हाला जे येतं ते मुलाला तुमच्या बोलीत सांगा. केळीला घड कधी लागतो, कापूस कसा वेचायचा, कानबाईचा रोट का करतात. शाळेत तेच आम्ही त्याच्याकडून मराठीत घेऊ आणि इंग्रजीत नेऊ. फक्त एक करा. 'नीट बोल, गावठी बोलू नको,' असं त्याला चारचौघांत म्हणू नका. एका भाषेत ज्याचं तोंड बंद केलं, त्याचं दुसऱ्या भाषेत लवकर उघडत नाही. शाळा कुठल्या माध्यमाची निवडायची ते तुम्ही ठरवा. घरातलं बोलणं मात्र चालू ठेवा.

आणि मुलांनो, हा तुमचा अभ्यास. आपल्या गावावर पाच वाक्यं इंग्रजीत लिहा. गावाचं नाव, नदी किंवा विहीर, शेतात काय पिकतं, कुठला सण मोठा आणि गावातली तुमची आवडती जागा. गाइड बंद ठेवायचं. शब्द अडला तर मराठी शब्द तसाच लिहा आणि दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा सरांना विचारा. मग ती पाच वाक्यं आजीला मोठ्यानं वाचून दाखवा आणि तिच्याच बोलीत अर्थ सांगा. तिला एखादं वाक्य चुकीचं वाटलं, म्हणजे नदी कुठून येते किंवा रोट कधी करतात हे तुम्ही चुकीचं लिहिलं असेल, तर ती लगेच सांगेल. मग वहीत ते दुरुस्त करा.